पोलो खाली बसवताना: लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर, मुंबईतल्या नोंदी

५ जानेवारी २०२५

गाडी: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१८ ची, अडुसष्ट हजार किलोमीटर चाललेली, १९५/५५ आर१६ टायर. घर मुलुंडला, रोजचा रस्ता ईस्टर्न एक्सप्रेस हायवे.

तक्रार अशी की फ्लायओव्हरचा जोड ओलांडला की गाडी एकदा नाही, दोनदा-तीनदा डुलते. जोरात ब्रेक मारला की नाक जमिनीकडे. वळणावर शरीर एका बाजूला झुकतं. शिवाय चाक आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी मला पहिल्या दिवसापासून आवडलेली नाही, तेही कारण आहेच.

हवंय काय: गाडी २५ ते ३० मिलिमीटर खाली, डुलणं बंद. मार्ग दोन: मूळपेक्षा आखूड अशा लोअरिंग स्प्रिंग, किंवा उंची बदलता येणारे कॉइलओव्हर. अटी तीन. बाबा मागे बसतात, त्यांच्या कमरेला त्रास होता कामा नये. गणपतीला पाच माणसं आणि सामान घेऊन संगमेश्वरला जाता आलं पाहिजे. आणि सोसायटीच्या रॅम्पवर चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, लागता कामा नये.

आज फक्त मापं घेतली. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभं माप. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा कमी-जास्त झाली की ते बदलतं. सपाट फरशी, अर्धी टाकी, गाडीत कोणी नाही. पुढे डावीकडे ३८३, उजवीकडे ३८१. मागे ३८९ आणि ३८८. कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवलं. पुढची सगळी गणितं या चार आकड्यांवर उभी आहेत.

११ जानेवारी

स्प्रिंग की कॉइलओव्हर हा प्रश्न बाजूला ठेवून आधी गाडी किती खाली जाऊ शकते ते शोधलं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पोलोचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) साधारण २.४७ मीटर. म्हणजे गाडी मधोमध आली की चारही चाकं गतिरोधकाच्या उतारावरच असतात, आणि पोटाखालची जागा फक्त साडेचार सेंटिमीटरच्या आसपास कमी होते. असा गतिरोधक ३० मिमी खाली बसवलेली पोलो निवांत ओलांडते. घात होतो तो गल्लीतल्या अरुंद, उभ्या उंचवट्यांवर. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि उंचवट्याची अख्खी उंची पोटाखाली. आमच्या भागात नियमात बसणारे कमी आणि हे दुसऱ्या जातीचे जास्त.

रॅम्पसाठी थर्माकोल वापरला. इंजिनखालच्या गार्डला थर्माकोलच्या जाड पट्ट्या चिकटवल्या, रॅम्पच्या माथ्यावरून हळू गाडी नेली आणि किती दबलं, घासलं ते मोजलं. मी एकटा असताना माथ्यावर ४८ मिमी जागा उरते. घरचे सगळे बसल्यावर ३४. म्हणजे ३० च्या पलीकडे जायचंच नाही. दुकानात जाण्याआधी हा प्रयोग प्रत्येकाने करावा, खर्च शून्य.

१९ जानेवारी

ठाण्यातल्या एका मित्राच्या पोलोला कॉइलओव्हर आहेत. घोडबंदर रोडवर त्याच्याबरोबर बराच वेळ फिरलो, मग गाडी जॅकवर घेऊन बघितली.

पोलोच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसते. तिथे कॉइलओव्हर म्हणजे आटे पाडलेल्या नळीचा शॉकअप आणि स्प्रिंगखाली फिरवून वर-खाली करता येणारी रिंग. मागे मात्र टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी तुळई) आहे, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे किटवर कॉइलओव्हर लिहिलेलं असलं तरी मागे मिळते ती छोटी स्प्रिंग, उंचीसाठी एक आट्यांची बैठक आणि निराळा शॉकअप. हे कळलं की निम्मं आकर्षण कमी होतं.

गाडी रस्त्याला धरून चालते, यात शंका नाही. पण कापूरबावडीच्या पुढे पेव्हर ब्लॉकचा तुकडा लागला तेव्हा प्रत्येक ब्लॉक मोजता येत होता. बाबांना यात बसवायची कल्पनाही नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दोन पावसाळ्यांत पुढच्या रिंगा गंजून जाम झाल्या आहेत. उंची बदलता येते म्हणून जास्त पैसे मोजले, आणि आता उंची बदलत नाही. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा चिखल साध्या पोलादी आट्यांना झेपत नाही. केडब्ल्यूसारखे उत्पादक स्टेनलेस स्टीलची नळी देतात ती याचसाठी, पण त्याची किंमत वेगळ्या पातळीवरची आहे. ज्यांनी आधीच साधे लावलेत त्यांनी पावसाआधी आटे तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीस किंवा मेण लावावं आणि वर कापडी वेष्टण बांधावं.

अनेक दुकानांत सांगतात की रिंग वर चढवली की स्प्रिंग कडक होते. तसं नसतं. स्प्रिंगवर गाडीचं वजन आधीच आहे. रिंग फिरवल्याने गाडी वर-खाली होते, स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते. काही महागड्या किटमध्ये वरची कळ फिरवून बदलता येतो तो शॉकअपचा दाब, म्हणजे हालचाल आवरण्याचा जोर.

आणि उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं. पावसाळ्यात वर, हिवाळ्यात खाली असं मी करीन का? नाही करणार. मित्रानेही एकदाच सेट केले.

२६ जानेवारी

भाव काढले. साधारण कॉइलओव्हर किट पंचाहत्तर हजारांच्या पुढे, चांगलं एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. नामांकित युरोपियन लोअरिंग स्प्रिंगचा चार नगांचा सेट सत्तावीस हजार. कॅटलॉगमध्ये पुढे ३० आणि मागे ३० मिमी असं लिहिलेलं.

भांडुपच्या गॅरेजमधल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, अडुसष्ट हजार झालेत. शॉकअप संपत आलेत. नुसती स्प्रिंग काय टाकतोस? पायात जोर नाही आणि डोक्यावर ओझं."

शॉकअप गळत नव्हते म्हणून जुनेच ठेवायचं ठरवलं. स्प्रिंग मागवल्या. मामांकडे जागा रिकामी नव्हती, म्हणून काम अंधेरीतल्या दुसऱ्या दुकानाला दिलं.

१६ फेब्रुवारी

स्प्रिंग बसल्या. सकाळी गेलो, निघालो तेव्हा अंधार पडला होता.

काम करणाऱ्यांसाठी: पोलोचा पुढचा स्ट्रट नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) एका बोल्टने आवळलेला असतो. बोल्ट काढूनही तो बाहेर येत नाही, खाचेत स्प्रेडर, म्हणजे खाच फाकवणारं अवजार, घालून फिरवला की येतो. स्प्रेडर नसेल तर लोक छिन्नी ठोकतात, नका ठोकू, नकल चिरला तर खर्च कुठल्या कुठे जातो. दाबलेली स्प्रिंग ही या कामातली सगळ्यात धोक्याची वस्तू आहे. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर चांगला पाहिजे, दोन्ही बाजू सारख्या आवळल्या पाहिजेत आणि तोंड समोर नको. मागचं सोपं आहे: दोन्ही बाजूंना घोड्या लावायच्या, शॉकअपचा खालचा बोल्ट काढून बीम खाली सोडायचा, स्प्रिंग हातात येते.

मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकत असताना आवळला तर त्याचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. या दुकानाने हवेतच आवळला होता. खाली उतरवून पुन्हा करून घेतला.

घरी येऊन माप घेतलं. पुढे ३४३. मागे ३५४.

२१ फेब्रुवारी

स्प्रिंग अजून बसली. पुढे ३४१ आणि ३४०, मागे ३५२. म्हणजे पुढे जवळजवळ ४२ मिमी खाली, कॅटलॉगात ३०. रॅम्पवर एकट्याने चढताना गार्ड जेमतेम वाचतं. घरच्यांना वर उतरवून, मी एकटा गाडी खाली नेतो.

माल खोटा नाही, खोक्यावरचा नंबर बरोबर आहे. कारण साधं आहे आणि आपल्याकडे गाडी खाली बसवणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. भारतात विकलेली पोलो आपल्या रस्त्यांसाठी मुळातच युरोपातल्या पोलोपेक्षा उंच बसवलेली आहे. कॅटलॉगमधले ३० मिमी तिकडच्या गाडीपासून मोजलेले असतात. स्प्रिंग उंची कमी करत नसते, ती उंची ठरवते. गाडी युरोपात असो की मुलुंडमध्ये, त्या स्प्रिंगवर ती त्याच जागी येऊन थांबणार. आपण जास्त उंचीवरून निघालो, म्हणून जास्त खाली आलो.

हेच कॉइलओव्हरलाही लागू आहे. मित्राच्या गाडीचं पुढचं माप रिंग जवळजवळ सगळ्यात वर असताना ३४९ होतं. तेव्हा नुसतं टिपून ठेवलं, अर्थ आत्ता लागला. विक्रेत्याला "किती मिमी खाली जाईल" विचारू नका. "चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत किती माप राहील" हे विचारा, आणि ते भारतीय गाडीवर मोजलेलं असू दे.

२ मार्च

खड्ड्यात ठण्ण आवाज येतो. सगळे म्हणतात स्प्रिंग कडक आहे. मला ते पटेना, कारण सपाट रस्त्यावर गाडी अजूनही डुलते. कडक स्प्रिंगवर डुलणारी गाडी म्हणजे शॉकअप गेलेला.

शॉकअपच्या दांड्याला एक केबल टाय घट्ट बांधला आणि खाली सरकवून नळीला टेकवला. गाडी फिरवून आणली. शॉकअप जेवढा दबतो तेवढा टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. टाय पार बंप स्टॉपपर्यंत (दांड्यावरचा फोमचा ठोकळा) गेलेला, आणि बंप स्टॉप अर्ध्याहून जास्त चिरडलेला. डस्ट कव्हर वर करून बघितलं तर स्टॉप मूळ लांबीचाच. स्प्रिंगच्या माहितीपत्रकात तो कापून कमी करायला स्पष्ट सांगितलेलं आहे. दुकानाने कापला नव्हता.

बंप स्टॉप ही फोमची दुसरी स्प्रिंगच असते. गाडी ४२ मिमी खाली आली, म्हणजे तिच्या वरच्या हालचालीतले ४२ मिमी गेले. उरलेल्या जागेत जुना लांब स्टॉप. प्रत्येक खड्ड्याला गाडी थेट त्यावर आपटत होती. लोअरिंग स्प्रिंगला कडक म्हणून नावं ठेवणाऱ्या पुष्कळ जणांची खरी तक्रार बंप स्टॉपशी असते, असं माझं मत झालं आहे.

पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल यायला लागलंय. मामांचं बरोबर होतं.

१५ मार्च

पुन्हा निवड. या वेळी हातात मापं आहेत.

पहिला पर्याय: नळीची लांबी खालच्या ब्रॅकेटमधून बदलता येणारं कॉइलओव्हर किट. यात उंची बदलली तरी शॉकअपची चाल तेवढीच राहते, म्हणून साध्या रिंगवाल्या किटपेक्षा हे बरं. पण परवडणाऱ्या किमतीत जे मिळतं त्यात स्प्रिंग फार कडक आणि आटे साध्या पोलादाचे.

दुसरा पर्याय: कमी लांबीचे शॉकअप आणि योग्य स्प्रिंग. बिल्स्टीनच्या भाषेत बी६ म्हणजे मूळ उंचीच्या गाडीसाठी, बी८ म्हणजे खाली बसवलेल्या गाडीसाठी. तेच बी८ आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगसोबत बी१२ म्हणून एकत्र विकले जातात, आणि बी१४ हा त्यांचा कॉइलओव्हर. बी१४ मध्ये उंची बदलता येते, शॉकअपचा दाब नाही. त्याच घराण्यात नुसत्या उंचीसाठी एवढे जास्त पैसे द्यायचे, आणि ती उंची मी एकदाच लावणार, तर बी८ माझ्यासाठी बरोबर.

उरला स्प्रिंगचा प्रश्न. इथे खरी मदत झाली ती कॅटलॉगच्या एका रकान्याची: पुढच्या आसावरचं वजन. युरोपियन स्प्रिंग इंजिनच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या नंबरने येतात. १.२ टीएसआय हलकं इंजिन आहे. जड डिझेलसाठीची स्प्रिंग हलक्या पेट्रोल गाडीला लावली की गाडी तेवढी उंच थांबते आणि पुढचा भाग थोडा जास्त घट्ट होतो. मला पुढे दहा-बारा मिमी परत हवे होते. डिझेलचा सेट मागवला. पहिला सेट नाशिकच्या एकाने सतरा हजारांना घेतला, त्याला ४२ मिमीचा आकडा आधीच सांगितला.

ज्याला ट्रॅकवर जायचंय, चारही चाकांवरचं वजन काट्यावर तोलून जुळवायचंय, किंवा वेगवेगळ्या मापाचे टायर बदलायचेत, त्याने कॉइलओव्हरच घ्यावेत, त्याला पर्याय नाही. घर ते ऑफिस आणि वर्षातून दोनदा कोकण करणाऱ्याला त्यातलं काही लागत नाही.

१३ एप्रिल

काम मामांकडे. चार शॉकअप, नव्या स्प्रिंग, वरची माउंटिंग, त्यातल्या बेअरिंगा, बंप स्टॉप, डस्ट कव्हर, आणि काढलेले सगळे बोल्ट नवे. कंपनीच्या माहितीनुसार यातले बरेच बोल्ट ताणून आवळण्याच्या जातीचे आहेत, टॉर्क देऊन वर ठरलेला कोन फिरवायचा. असे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. अंधेरीत जुनेच परत लावले होते.

गाडी जॅकवर लटकत असताना स्प्रिंग हाताने हलते का ते बघितलं. हलली नाही. लांब शॉकअपवर आखूड स्प्रिंग लावली तर चाक पूर्ण खाली गेल्यावर ती बैठकीतून निसटू शकते. आखूड शॉकअप घेण्याचं हेही एक कारण आहे.

मापं: पुढे ३५४ आणि ३५३, मागे ३५६.

फ्लायओव्हरच्या जोडावर गाडी एकदाच खाली-वर होते आणि थांबते. हेच हवं होतं मला. परत येताना विक्रोळीच्या पुढे मुद्दाम खराब लेन धरली, ठण्ण आवाज नाही.

१९ एप्रिल

स्प्रिंग बसायला आठवडा दिला आणि मग अलाइनमेंट केलं. पुढे ३५२. फेब्रुवारीत दुकानाने त्याच संध्याकाळी करून दिलं होतं, ते फुकट गेलं, कारण नंतर उंची बदलली.

पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) पाऊण अंशाच्या किंचित वर गेलाय, चालेल, टायर त्याने खात नाही. टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) मात्र बराच बिघडला होता. आतून टायर झिजतो तो बहुतेक टोमुळे, आणि लोक दोष कॅम्बरला देतात. मागचा टॉर्शन बीम असल्याने तिथे जुळवायला काही नाही, फक्त मोजायचं. हेडलाइटचा झोत खाली-वर झाला असणार म्हणून भिंतीसमोर उभं करून तोही लावला.

कायद्याचं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. मी विमा कंपनीला सगळे बदल लेखी कळवले आणि मूळ स्प्रिंग माळ्यावर जपून ठेवल्या आहेत. अपघातानंतर वाद घालण्यापेक्षा आधी कळवलेलं बरं.

२९ मे

या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. तुंबलेल्या पाण्यात ३० मिमीचा फरक जाणवतो. पूर्वी जिथून जायचो तिथे आता थांबतो. परवा कुर्ल्याजवळ रस्त्यावर पाणी बघून सरळ मागे फिरलो.

पुढून उजवीकडे टक-टक येत होतं. लिंक रॉड, मग लोअर आर्मचा बॉल जॉइंट तपासला, दोन्ही ठीक. निघालं ते वरच्या माउंटिंगचं नट, पुरेसं आवळलेलं नव्हतं. मामांनी पैसे घेतले नाहीत.

३ ऑगस्ट

गणपतीची तालीम. मागच्या सीटवर आणि डिकीत पाण्याचे २० लिटरचे भरलेले जार ठेवले. एक जार म्हणजे २० किलोपेक्षा थोडं जास्त, माणसांचं वजन सांगत बसण्यापेक्षा सोपं. मागे केबल टाय बांधून ऐरोली पुलापर्यंत जाऊन आलो.

मागचा शॉकअप भरल्या गाडीत बंप स्टॉपला टेकतोय. जोरात नाही, पण मुंबई-गोवा महामार्गावर सलग काही तास हे चालणार नाही. मागच्या स्प्रिंगखालचं रबर जाड जातीचं लावलं. माप ३५६ वरून ३६४ झालं. रिकाम्या गाडीची शेपूट किंचित वर दिसते. दिसू दे.

७ सप्टेंबर

संगमेश्वरहून परत. जाताना पाच माणसं, मखराचं सामान, येताना नारळ आणि तांदूळ. कशेडीच्या बोगद्यापर्यंत बरंच बरं, पुढे जिथे काम चालू आहे तिथे वळणरस्ते आणि मोठे खड्डे. चेंबर कुठेही लागला नाही. गावातल्या घराच्या चढावर गार्ड एकदा घासलं, तिथे मागच्या वर्षी मूळ उंचीवरही घासलं होतं. मागचा टाय बंप स्टॉपच्या अलीकडे थांबलेला.

बाबा चिपळूणपर्यंत झोपले होते. उतरल्यावर आईला म्हणाले, "गाडी आता हिंदकळत नाही." त्यांना काय बदललंय ते मी अजून सांगितलेलं नाही.

खर्च, रुपयांत. पहिला सेट २७,०००, विकून आले १७,०००. दुसरा सेट २९,०००. चार शॉकअप ६२,०००. माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, बोल्ट, जाड रबर मिळून ११,५००. मजुरी दोन वेळा, १२,०००. अलाइनमेंट दोन वेळा, २,४००. एकूण १,२६,९००. पहिल्याच वेळी योग्य सेट आणि शॉकअप एकत्र घेतले असते तर १,०९,७०० मध्ये झालं असतं. म्हणजे चांगल्या कॉइलओव्हरच्या फक्त किटच्या किमतीपेक्षाही कमी, तेही मजुरीसकट.

सध्याची मापं: पुढे ३५२, मागे ३६३. पुढच्या उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशला (रबरी जोड) बारीक चीर दिसतेय. दिवाळीआधी दोन्ही बाजूंचे बुश बदलायचे आहेत, तेव्हा अलाइनमेंट पुन्हा करावं लागेल.